कार्ड झालं, गोळ्यांचं काय?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, कमाई किती हे न विचारता, आयुष्मान कार्ड (ॲडमिट झाल्यावरचं बिल सरकार भरतं ते) मिळायला लागलं आणि आमच्या इंदूरच्या मराठी मंडळींचा सूरच बदलला. जे काका कालपरवापर्यंत 'आमच्या टॅक्सवर लोकांना फुकट वाटतात' म्हणून ग्रुपवर तावातावाने लिहायचे तेच आता विचारतायत, आधारवर जन्मतारीख चुकलीये तर काय करायचं, आमचा मेडिक्लेम आहे तरी चालतं का, अमुक हॉस्पिटल लिस्टमध्ये आहे का. (मेडिक्लेम असला तरी चालतं, काका.) मला ह्यात आनंदच आहे, टोमणा अर्धाच समजा.

माझं मेडिकल आहे, दवा बाजारातून माल आणतो आणि दिवसभर काउंटरवर उभा असतो. त्यामुळे कार्ड काय देतं ते हॉस्पिटलवाल्यांना दिसतं, काय देत नाही ते मला दिसतं.

एक ई-रिक्षावाला यायचा. छातीत दुखलं, ॲडमिट, अँजिओप्लास्टी, स्टेंट, सगळं कार्डावर, खिशातून एक रुपया गेला नाही. ह्याबद्दल सरकारला पैकीच्या पैकी मार्क, कारण हीच गोष्ट योजनेच्या आधी झाली असती तर बायकोचे दागिने सराफ्यात गेले असते. पण डिस्चार्जनंतरची औषधं योजनेत १५ दिवसांचीच. पुढे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीची गोळी, हे महिनोन्‌महिने स्वतःच्या पैशाने. तो यायचा आणि म्हणायचा, 'भिया, पाच दिन की दे दो'. मी कात्रीने पट्टी कापायचो, बॅच नंबर आणि एक्स्पायरी छापलेली बाजू माझ्याकडे ठेवून, कारण उरलेली पट्टी पुढच्याला द्यायची असते. मग आठवडा उलटला तरी गायब. मधले दिवस काय घेतलंस विचारलं की नुसता हसायचा. ही रक्त पातळ ठेवणारी गोळी मध्येच सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, म्हणजे परत ॲडमिट, परत पॅकेज, परत सरकारचाच खर्च. ५ लाखांपर्यंतचं बिल भरायला सरकार तयार आणि ते बिल टाळणाऱ्या गोळीचं नाव नाही, हा कुठला हिशोब?

कोणी म्हणेल सरकारी हॉस्पिटलात औषधं फुकट मिळतात. मिळतात की, एमपीत २०१२ पासून योजना आहे. पण पर्चा काढा, ओपीडीची लाइन लावा, मग औषधांच्या खिडकीची लाइन, तोवर त्याची अर्ध्या दिवसाची कमाई गेली, तेवढ्या पैशात माझ्याकडून पाच दिवसांच्या गोळ्या येतात. आणि माझं दुकान आहे म्हणून मी हे बोलतोय असं वाटत असेल तर उलटं आहे, गोळ्या खरंच सगळ्यांना फुकट झाल्या तर आधी माझाच धंदा बसेल.

आता पैसे कुठून आणायचे. ह्यावर आमच्याकडे दुकान बंद करतानासुद्धा वाद होतो. एक मित्र म्हणतो ज्याने त्याने आपापला विमा काढावा. त्याला म्हटलं, आईबाबांचा प्रीमियम दरवर्षी वाढतोय म्हणून रडतो कोण रे? खाजगी विम्यात म्हातारा आणि आजारी माणूस म्हणजे तोट्याचं गिऱ्हाईक, आणि इलाजाची गरज त्यालाच जास्त. दुसरा रस्ता जर्मनीवाला, १८८३ मध्ये बिस्मार्कने सुरू केला, पगारातून थोडं कामगाराचं थोडं मालकाचं. आपलं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, त्याच जातीचं, १९४८ च्या कायद्याने आलेलं, आज मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के. चांगलंच आहे पण ते २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना, आणि पगाराची स्लिप असेल तर. पोह्याच्या ठेल्यावरच्या पोराचा, धुणंभांडी करणाऱ्या बाईचा पगार कापणार कुठून?

मग राहतो टॅक्स. ब्रिटनने १९४८ मध्ये तेच केलं, युद्धाने कंबर मोडलेली असताना. पण ब्रिटनचं नाव काढलं की लोक म्हणतात ते गोरे लोक, श्रीमंत देश. बरं, थायलंड घ्या. १९९७ मध्ये त्यांची बँकाबिंका सगळी बुडायची वेळ आली होती, आणि २००१-०२ मध्ये त्यांनी ३० बाहतमध्ये इलाज सुरू केला, टॅक्सच्या पैशातून, ओपीडी आणि औषधं धरून. म्हणजे आधी श्रीमंत होऊ मग बघू असं काही नसतं.

आणि ते 'आमच्या टॅक्सवर' प्रकरण. तो रिक्षावाला इन्कम टॅक्स भरत नाही, खरं आहे, पण सप्टेंबर २०२५ पर्यंत बहुतेक औषधांवर १२ टक्के जीएसटी होता, आता ५ आहे, आणि तो त्याच्या पाच गोळ्यांवरही लागतो. म्हणजे आजारी पडल्याचाही टॅक्स त्याने भरलाय, मीच कापून घेतलाय.

आपलं सरकार किती घालतं? २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत जीडीपीच्या २.५ टक्के. सरकारच्याच हिशोबात २०२१-२२ ला, म्हणजे कोविडच्या धामधुमीत, केंद्र-राज्य मिळून १.८४ टक्के. आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा ६४ टक्क्यांवरून ३९ वर आला हे त्याच आकड्यांत आहे, ते नाकारत नाही. पण ३९ म्हणजे कमी का?

पैसा आला तरी तो नीट लागेल का, हा प्रश्न रास्त आहे. २०२३ मध्ये सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने दाखवलं की आयुष्मानचे साडेसात लाखांच्या आसपास लाभार्थी एकाच मोबाइल नंबरला जोडलेत, नंबर कुठला तर ९९९९९९९९९९. आणि त्याच वर्षी राजस्थानने इलाजाचा हक्क कायद्यात लिहिला तर खाजगी डॉक्टर रस्त्यावर, इमर्जन्सीचे पैसे आम्हाला कोण देणार म्हणून. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

मला ह्याचं उत्तर आपल्या कचरागाडीत दिसतं, हसू नका. ती गाडी फक्त बीपीएल घरांसमोर थांबत नाही, बंगल्यासमोरही थांबते, महापालिका पैसे सगळ्यांकडून घेते, आणि गाडी एक दिवस नाही आली की बंगलेवालेच आधी महापालिकेच्या ३११ ॲपवर तक्रार ठोकतात. सरकारी हॉस्पिटलातून असे तक्रार ठोकणारे कधीच निघून गेले. देशात स्वच्छतेत पहिल्या आलेल्या ह्याच शहरात २०२५ मध्ये एमवायच्या, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या, नवजात बाळांच्या वॉर्डात उंदीर शिरले, दोन बाळांना चावले, दोन्ही बाळं गेली. कुणा आमदाराची नात तिथे ॲडमिट असती तर उंदीर आत आले असते का? म्हणून म्हणतो, काकांनी कार्ड काढलं ते उत्तम झालं, आता ते भांडतील आणि त्यांना भांडता येतं.

माझी मागणी छोटी आहे. बीपी, शुगर, हार्ट, थायरॉइड, दमा, एवढ्यांच्या महिन्याच्या गोळ्या कार्डावर कुठल्याही मेडिकलमधून मिळू द्या, रेट सरकारने ठरवावा, पैसे तंबाखूवरचा टॅक्स वाढवून आणा, आणि इन्कम टॅक्सवर आरोग्य-शिक्षणाच्या नावाने ४ टक्के सेस घेता त्यातलं आरोग्याला किती गेलं ते दरवर्षी पेपरात छापा. आमचं मार्जिन कमी झालं तरी चालेल. थोडं. फार नका करू, दुकानाचं भाडं आहे.