पाणी पिऊन कोणी आजारी पडतं का?

डिसेंबरमधली एक केस अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी फ्रीलान्स आउटडोअर इन्स्ट्रक्टर आहे. कॉलेजचे हायकिंग क्लब, कंपन्यांचे टीम बिल्डिंगवाले, कधी शाळा, ज्यांना माणूस कमी पडतो ते फोन करतात आणि मी सॅक उचलून जाते. उत्तरकाशीचे गिर्यारोहणाचे कोर्स झालेत, फर्स्ट एडचं सर्टिफिकेट दर दोन वर्षांनी रिन्यू करते, त्यामुळे पाय मुरगळणं, मधमाश्या, चक्कर, रडारड हे सगळं अंगवळणी पडलंय. हे त्यातलं नव्हतं.

क्लब एका इंजिनीअरिंग कॉलेजचा. रूट नेहमीचा, रतनवाडी ते हरिश्चंद्रगड. पहिल्या दिवशी रिकाम्या पाठीने रतनगड, रात्री रतनवाडीत टेंट, दुसऱ्या दिवशी सॅक घेऊन कात्राबाईच्या खिंडीतून कुमशेत, तिसऱ्या दिवशी मुळा नदी ओलांडून पाचनई आणि वर गडावर. ज्यांनी केलाय त्यांना माहितीय की यात अवघड असं फार काही नाही, पण दुसरा दिवस लांबच लांब आहे आणि पाठीवर घर असतं.

त्या घराचं काय करायचं हे माझं आवडतं काम, त्यामुळे थोडं ऐका. पहिल्या रात्री मी सगळ्यांच्या सॅक उपसायला लावते. अक्षरशः सगळं बाहेर, ताडपत्रीवर. काय काय निघतं! दोन जीन्स, शाम्पूची अख्खी बाटली, पॉवर बँक तीन, एकाने तर इस्त्री केलेला शर्ट आणला होता, का तर गडावर फोटो. मग स्लीपिंग बॅग तळाला, जड सामान (तांदूळ, स्टोव्ह, टेंट) पाठीला चिकटून खांद्याच्या जरा खाली, हलकं बाहेरच्या बाजूला, रेनकोट आणि टॉर्च अगदी वर. आणि कमरेचा पट्टा. भाड्याच्या सॅकचा कमरेचा पट्टा पोरं नुसता लोंबत ठेवतात, मग सगळं वजन खांद्यावर येतं आणि दुपारपर्यंत मान गेली. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर, आधी तो आवळायचा, मग खांद्याचे. नीट भरलेली चौदा किलोची सॅक वाईट भरलेल्या दहा किलोपेक्षा हलकी लागते हे मी शपथेवर सांगते. ही मुलगी, जिची ही केस, तिची सॅक सगळ्यात नीट होती. सांगितलेलं सगळं लिहून घेऊन तसंच केलेलं. सेकंड इयर, पहिलाच मोठा ट्रेक, आणि सगळ्या सूचना शंभर टक्के पाळणारी.

आता क्लबची पाण्याची सिस्टीम. आदल्या वर्षी उन्हाळ्यात यांच्या एका मुलाला डिहायड्रेशन झालं होतं, त्यानंतर क्लबने एक पद नवीन काढलं, हायड्रेशन कोऑर्डिनेटर. सगळे त्याला पाणीमंत्री म्हणायचे. पोरगा चांगला आहे, मनापासून करतो, पण दर पंधरा मिनिटांनी शिट्टी, शिट्टी वाजली की प्रत्येकाने घोट नाही, चांगले चार-पाच मोठे घोट घ्यायचे, प्रत्येकाकडे चार लिटर कम्पल्सरी, ओढा आला की फिल्टर करून परत फुल. मे महिन्यात समजू शकते. डिसेंबरात सकाळी टेंटवर दव असताना, जंगलाच्या सावलीत चालताना? मी पहिल्या दिवशीच म्हटलं की तहानेप्रमाणे पिऊ दे रे त्यांना, तर सर (सोबत आलेले प्राध्यापक, सज्जन माणूस, बूट नवे) म्हणाले, मॅडम, राहू दे, पालकांना आपण लेखी दिलंय.

बरं, मीठ? ओआरएस होतं, बॉक्सभर. पण ते पाकीट एक लिटरसाठी असतं, आणि पोरं चव आवडत नाही म्हणून एक पाकीट तिघांत, नाहीतर टाकतच नाहीत. आणि ती गोड टेट्रापॅकवाली सरबतं, ओआरएससारखी दिसणारी, ती मात्र पहिल्याच दिवशी संपली. असो.

दुसऱ्या दिवशी साडेसातला निघालो. मी टेलला, म्हणजे शेवटी. टेलवरच्या बाईचं एक काम बाहेरच्या कुणाच्या डोक्यात येणार नाही: मुलींना आडोशाला नेणं. दोघी-दोघींनी जायचं, सॅक वाटेवर ठेवायची म्हणजे पुढून कुणाला कळतं, आणि मी पाठमोरी उभी. त्यामुळे कोण किती वेळा गेलं हे मला न मोजताही माहिती असतं. मोठ्या ग्रुपमध्ये चिंता असते ती न जाणाऱ्यांची, कारण मुली लाजेने पाणीच पीत नाहीत आणि मग संध्याकाळी डोकं धरून बसतात. हिचं उलटंच. खिंडीच्या खाली जंगलातच तीनदा थांबली. प्रत्येक वेळी सॉरी ताई, सॉरी ताई. मी म्हटलं सॉरी काय त्यात.

खिंडीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. तिथून समोर आजोबाचा डोंगर, लांबवर हरिश्चंद्रगड, सगळे फोटोत गुंग. ही दगडावर बसून होती. डोकं दुखतंय म्हणाली. जेवायला दिलेल्या पोळीभाजीतला एक तुकडा खाल्ला, मळमळतंय म्हणून बाकीची मैत्रिणीला दिली. पाणीमंत्र्याने लगेच बाटली पुढे केली आणि तिने आज्ञाधारकपणे अर्धी संपवली.

उतारावर ती मागे पडायला लागली. एकदा उलटी झाली, नुसतं पाणी. मग परत थांबायचं म्हणाली, आडोशाला. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी अडलं. जिला डिहायड्रेशन झालंय ती दर पाऊण तासाला कशी जाईल? जीभ बघितली, ओली. तहान लागलीय का, तर नाही. लघवीचा रंग विचारला, पाण्यासारखी. हात बघितला तर बोटं सुजलेली, अंगठी रुतलेली, घड्याळाच्या पट्ट्याचा वळ उठलेला. ऊन काही नव्हतं, अंग गार. तिला विचारलं आपण कुठून निघालो सकाळी, तर जरा थांबून म्हणाली, हॉस्टेलवरून.

काही वर्षांपूर्वी एका मॅरेथॉनच्या फर्स्ट एड टीममध्ये होते तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला दोन तास पिदवलं होतं. त्यांनी सांगितलेलं, २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपल्यावर ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तर १३ टक्के लोकांचं सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, कमी निघालं, आणि त्याच शर्यतीत एक बाई त्यानेच गेली. घामातून मीठ जातं, वरून नुसतं पाणी ओतत राहिलं की रक्तातलं उरलेलं मीठ पातळ होतं, पाणी पेशींत शिरतं, मेंदूला सूज येते. डोकेदुखी, उलटी, गोंधळ, पुढे फिट्स. आणि मेख ही की वरवर बघितलं तर ही सोडियमची कमतरता आणि डिहायड्रेशन सख्ख्या बहिणी आहेत. एकीचं औषध म्हणजे दुसरीचं विष.

म्हणून मी म्हटलं, आता हिला पाणी बंद. आणि तिथे जे सुरू झालं! सर म्हणे मॅडम काय बोलताय, तिला उलटी झालीय, पाणी निघून चाललंय शरीरातलं. पाणीमंत्री रडकुंडीला, ताई चार्टवर ती सगळ्यात चांगली आहे, सात लिटरच्या पुढे झालंय तिचं. अरे बाबा, तेच तर! एकाने फोनवर डाउनलोड केलेली फर्स्ट एडची पीडीएफ काढली, त्यात लिहिलेलं की उलटी आणि चक्कर असेल तर भरपूर पाणी द्या. रेंज नाही, डॉक्टरला विचारायची सोय नाही, आणि उघड्या डोंगरावर आजारी पोरीला पाणी नाकारणारी बाई कशी दिसते याची मला पूर्ण कल्पना होती. शेवटी मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की इथे मेडिकल निर्णय माझा, तसं तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय, आणि तिच्या दोन्ही बाटल्या माझ्या सॅकमध्ये टाकल्या. बाटल्या लपवायची वेळ यावी! मैत्रिणी माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या ती विसरणार नाही.

खायला मीठ हवं होतं. स्टोव्ह काढला, एक कप, फक्त एक कप पाणी तापवलं, त्यात मॅगीच्या चार पुड्यांचा मसाला आणि चमचाभर मीठ. समुद्राच्या पाण्यासारखं लागत असणार. ती शुद्धीवर होती, गिळत होती, म्हणून चमच्या-चमच्याने दिलं, नाहीतर दिलं नसतं. बरोबर खारे शेंगदाणे, जेवढे चावता येतील तेवढे. सॅक तिघांत वाटली. माझा जोडीदार इन्स्ट्रक्टर दोन पोरांना घेऊन पळत खाली कुमशेतला गेला गाडी बघायला.

गावातून दोन जण वर आले. त्यातल्या मामांनी काही न विचारता तिला पाठुंगळी घेतलं आणि शेतांच्या बांधांवरून असे उतरले की मी रिकाम्या हाताने मागे पडत होते. आमची पोरं स्ट्रेचर कसा बांधायचा यावर अजून चर्चा करत होती. दोरीच्या आठ गाठी पाठ असतात यांना, त्या मी आणि माझ्यासारख्यांनीच शिकवलेल्या असतात, हेही खरं.

कुमशेतहून जीपने राजूर. त्या घाटरस्त्यात तिला एकदा उलटी, एकदा बराच वेळ झोप, मी दर पाच मिनिटांनी तिला नाव विचारत होते. नाव सांगितलं की मी श्वास घ्यायचे. पोरांच्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी वेळेनुसार सगळं लिहून काढलं: किती वाजता काय, अंदाजे किती लिटर, किती वेळा लघवी, काय खाल्लं. हा कागद हातात असला की डॉक्टर ऐकतात, नुसतं तोंडाने सांगितलं की ट्रेकवाली घाबरलेली बाई असतं.

राजूरच्या दवाखान्यात ड्युटीवरचा डॉक्टर पोरगेलासा होता. नर्सने सवयीने सलाईनची बाटली अडकवायला घेतली होती, त्याने कागद वाचून थांबवलं. सोडियम लगेच करून मिळणार नव्हतं. त्याने चिठ्ठीत स्वतःच्या हाताने, अधोरेखित करून, पाणी जास्त झाल्याचं लिहिलं आणि १०८ ने संगमनेरला पाठवलं. तिथे रात्री दहाच्या सुमारास रिपोर्ट आला, सोडियम १२१. नॉर्मल १३५ ते १४५. मग तीन टक्क्यांचं सलाईन, म्हणजे नेहमीच्या ०.९ च्या तिपटीहून जास्त खारट, थोडं थोडं करून, दर काही तासांनी रक्त तपासत, कारण फार पटकन वर आणलं तरी मेंदूला धोका असतो. सकाळी तिने मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला की बाकीचे पाचनईला पोचले का.

दुपारी नीट बोलायला लागली तेव्हा अजून एक गोष्ट कळली. पाळी आली होती, आदल्या रात्रीपासून पोट दुखत होतं, म्हणून दोन दिवसांत चार पेनकिलर घेतल्या होत्या. डॉक्टर म्हणाले या प्रकारच्या गोळ्यांनी किडनी पाणी बाहेर टाकायला कमी पडते, त्याचीही भर पडली असणार. क्लबच्या मेडिकल फॉर्मवर दमा आहे, फिट्स आहेत, ॲलर्जी आहे, अगदी ‘झोपेत चालता का’ आहे. पाळीचा रकाना नाही, चालू गोळ्यांच्या रकान्यात तिने ‘नाही’ लिहिलेलं, कारण फॉर्म भरून घेणारा सेक्रेटरी शेजारीच बसला होता. मी पाठमोरी उभी राहणारी बाई, मलासुद्धा ती बोलली नाही.

तिचे वडील संध्याकाळी पोचले. भले माणूस, माझे हात धरले, पण पटलं नाही त्यांना. मॅडम, पाणी पिऊन कोणी आजारी पडतं का? ओढ्याचं पाणी बाधलं असेल. मी रिपोर्ट दाखवला, तर मान हलवून म्हणाले, हो पण ओढ्याचंच ना. आत्याबाई म्हणाल्या दृष्ट लागली. मी नाद सोडला.

कॉलेजने मात्र चौकशी समिती नेमली, आणि महिन्याभराने परिपत्रक काढलं. मला वाटलं होतं रात्रीचे ट्रेक बंद करतील, नेहमीसारखं. तसं नाही केलं. परिपत्रकात आहे: प्रत्येक सहभागी विद्यार्थ्याने दररोज किमान पाच लिटर शुद्ध पाणी प्यावे, नोंद हायड्रेशन कोऑर्डिनेटरने ठेवावी, तक्त्यावर इन्स्ट्रक्टरची सही बंधनकारक. म्हणजे सोडियम १२१ चा रिपोर्ट फाइलला लावून, त्याच्या वर हे.

मी सरांना फोन केला. भांडायच्याच तयारीने केला होता. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, मॅडम, तुमचं बरोबर आहे हो, मी डोळ्यांनी बघितलंय, पण ‘तहान लागेल तेवढेच प्या’ असं मी कागदावर लिहिलं आणि मे महिन्यात एखादा पोरगा उन्हाने पडला तर समितीसमोर उभा कोण राहणार, तुम्ही का मी? याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये. कारण पाणी कमी पिऊन पडलेली पोरं मीच जास्त बघितलीयत, या प्रकारची ही एकच. आणि तरी त्या दिवशी ती चौथ्यांदा आडोशाला गेली नसती, किंवा टेलला माझ्याऐवजी एखादा पुरुष इन्स्ट्रक्टर असता, तर तिला अजून एक बाटली पाजली असती, आणि प्रेमाने पाजली असती.

पुढच्या महिन्यात त्याच क्लबबरोबर जायचंय. मी माझ्या अटी पाठवल्यात: शिट्टी नाही, खारे शेंगदाणे माणशी पाव किलो, मेडिकल फॉर्म मुलींनी माझ्याकडे बंद पाकिटात द्यायचा, आणि पाच लिटरच्या तक्त्यावर मी सही करणार नाही. पहिल्या तिन्हीला होकार आलाय. चौथ्यावर सरांचा मेसेज आहे, सही तेवढी करा ना मॅडम, आकडे आम्ही भरतो.