तुम्ही विचारलंत म्हणून : पायपीआयची अख्खी यादी एक्सेलमध्ये कशी उतरवायची?

सातपूर-अंबडच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडून आणि नाशिकच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शेवटच्या वर्षाच्या मुलांकडून हा प्रश्न सारखा येतो. “सर, पायपीआयवर जेवढी पायथन पॅकेजेस आहेत त्या सगळ्यांचं नाव, व्हर्जन, लायसन्स आणि डिपेंडन्सी एका शीटमध्ये हवं आहे. स्क्रिप्ट कशी लिहायची?”

पायपीआय म्हणजे पायथनच्या तयार पॅकेजेसचं सार्वजनिक भांडार, आणि डिपेंडन्सी म्हणजे एखाद्या पॅकेजला चालायला लागणारी दुसरी पॅकेजेस. स्क्रिप्ट वीस-पंचवीस ओळींची आहे, ती कोणीही लिहील. अडचण शीट भरल्यानंतर सुरू होते. एखाद्या रकान्यातली माहिती कुठून आली, कधी घेतली आणि तो रकाना रिकामा का आहे, हे कोणालाच सांगता येत नाही. निफाड-दिंडोरीच्या माणसाला हे द्राक्षाच्या पेटीवरून पटकन कळेल. युरोपला जाणाऱ्या पेटीचा माग ग्रेपनेट या निर्यातीच्या ऑनलाइन नोंदींमधून थेट बागेच्या प्लॉटपर्यंत लागतो. लेबल फाडलं तर आतली द्राक्षं तीच राहतात, पण ती पेटी कोणाची हे सांगता येत नाही. पॅकेजच्या नोंदीचा मागही असाच शेवटपर्यंत टिकला पाहिजे. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. तुम्हाला खरंच अख्खी यादी हवी आहे का? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर 2024 मध्ये एसबॉमची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या घटकांच्या यादीची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. तेव्हापासून ग्राहक ही यादी मागतात आणि कंपनीतला माणूस पायपीआय उतरवायला बसतो. त्याला फक्त आपल्या प्रोजेक्टमध्ये बसलेली पॅकेजेस हवी असतात. ती त्याच्याच मशीनवर, साइट-पॅकेजेसच्या फोल्डरमध्ये आहेत. प्रत्येक पॅकेजचं डिस्ट-इन्फो नावाचं एक फोल्डर असतं आणि त्यात मेटाडेटा नावाची साधी टेक्स्ट फाइल असते. ती वाचा आणि सायक्लोनडीएक्स किंवा एसपीडीएक्स या एसबॉमच्या ठरलेल्या साच्यात घाला. तिथे जे खरोखर बसलं आहे तेच लिहिलेलं असतं. नेटवर जाऊन पुन्हा शोधलं तर भलत्याच व्हर्जनची माहिती हाताला लागू शकते.

अख्खी यादीच हवी असेल, अभ्यासासाठी किंवा संशोधनासाठी, तर पुढे वाचा.

सुरुवात सिंपल इंडेक्सपासून, म्हणजे पायपीआयच्या नावांच्या सूचीपासून करायची. रिक्वेस्टच्या ॲक्सेप्ट हेडरमध्ये जेसन, म्हणजे प्रोग्रामला वाचता येईल असा मजकुराचा साचा, मागितला की एकाच रिक्वेस्टमध्ये सगळ्या प्रोजेक्टची नावं येतात, आणि प्रत्येक नावासोबत लास्ट-सिरियल हा आकडा येतो. प्रोजेक्टमध्ये काही बदललं की हा आकडा वाढतो. तो जपून ठेवा. पायपीआयवर पाच लाखांहून जास्त प्रोजेक्ट आहेत. सेकंदाला एक रिक्वेस्ट धरली तर पाच लाखांना जवळजवळ पावणेसहा दिवस लागतात. एवढा वेळ एकदाच द्यायचा. दुसऱ्या दिवसापासून आजचे आणि कालचे आकडे ताडून पाहायचे आणि ज्यांचा आकडा बदलला तेवढेच प्रोजेक्ट आणायचे.

मग प्रत्येक प्रोजेक्टचं जेसन पान. त्यातही लास्ट-सिरियल असतो. तो इंडेक्समधल्या आकड्यापेक्षा लहान निघाला तर कॅशमधलं शिळं पान तुमच्या हाती पडलं आहे. ते बाजूला ठेवा आणि थोड्या वेळाने पुन्हा मागा. पायपीआयची मिरर, म्हणजे हुबेहूब प्रत, ठेवणारं बँडरस्नॅच हे टूल हीच तपासणी करतं. घरी केलेल्या स्क्रिप्टमध्ये मात्र ती सहसा नसते, आणि मग ताज्या तारखेखाली जुनी माहिती बसते.

सर्व्हरशी नीट वागा. यूजर-एजंट या हेडरमध्ये आपण कोण आणि संपर्क कुठे करायचा हे लिहा. सर्व्हरने 429, म्हणजे ‘फार रिक्वेस्ट झाल्या’, दिला तर थांबा, रिट्राय-आफ्टरमध्ये जेवढे सेकंद सांगितले तेवढे. 404 आणि 503 एका पोत्यात भरू नका. 404 म्हणजे तिथे आता काही नाही, 503 म्हणजे सर्व्हर आत्ता उत्तर देऊ शकत नाही. दोन्हींना ‘मिळालं नाही’ म्हणून सोडून दिलं की जिवंत पॅकेजेसही यादीतून गळतात. आणि पावणेसहा दिवसांत एकदा तरी लाईट जाईल असं धरूनच चाला. प्रत्येक उत्तर आलं की लगेच डिस्कवर लिहा आणि त्याचं नाव ‘झालं’च्या यादीत टाका. यादी मेमरीत ठेवून शेवटी एकदम लिहिणारी स्क्रिप्ट चौथ्या दिवशी बंद पडली तर चारही दिवस वाया जातात.

एवढा वेळ नसेल तर गूगलच्या बिगक्वेरी या डेटाबेस सेवेवर पायपीआयचा सार्वजनिक डेटासेट आहे. त्यात अपलोड झालेल्या प्रत्येक फाइलची एक ओळ आहे. हवे तेवढेच रकाने नाव घेऊन मागा. तिथे हिशेब वाचलेल्या रकान्यांवर होतो आणि डिस्क्रिप्शनच्या रकान्यात अख्खे रीडमी भरलेले आहेत. सिलेक्ट-स्टार केलं, म्हणजे सगळेच रकाने मागितले, की फुकटचा कोटा बघता बघता संपतो. डाउनलोडचे आकडेही तिथूनच घ्या. जेसन पानावर डाउनलोडच्या जागी उणे एक लिहिलेलं असतं. ती जागा आता वापरात नाही, म्हणून उणे एक. त्याची बेरीज करून आलेख काढू नका.

आलेलं जेसन जसंच्या तसं ठेवा. एका ओळीत एक प्रोजेक्ट, जेसन-लाइन्समध्ये, जीझिप करून. सोबत कधी घेतलं ती यूटीसी वेळ, लास्ट-सिरियल आणि ईटॅग, म्हणजे सर्व्हरने त्या पानाला दिलेली आवृत्तीची खूण. शीट, आलेख, डेटाबेस, जे काही हवं ते या कच्च्या मालातून काढायचं. पुढच्या महिन्यात कोणी नवा रकाना मागितला तर पुन्हा नेटवर जावं लागत नाही. हा एक नियम पाळला तर बाकीच्या चुका दुरुस्त करता येतात, म्हणून यावर मी अडून बसतो.

आता डिपेंडन्सीचा रकाना. सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, म्हणून जरा जवळून पाहू. जेसनमध्ये रिक्वायर्स-डिस्ट ही नोंद असते आणि पुष्कळ ठिकाणी तिची किंमत नल, म्हणजे रिकामी, असते. नल म्हणजे ‘या पॅकेजला दुसऱ्या कशाची गरज नाही’ असं बहुतेक जण धरतात. नलचे अर्थ दोन आहेत: गरज नाही, किंवा माहीत नाही. एका रिलीजमध्ये चार फाइली असल्या तरी या पानावर पहिल्यांदा अपलोड झालेल्या फाइलचा मेटाडेटा दिसतो. ती फाइल जुन्या पद्धतीची सोर्स टारबॉल, म्हणजे मूळ कोडचं गाठोडं, असेल तर तिच्या डिपेंडन्सी आतली सेटअप-पाय ही स्क्रिप्ट चालवल्यावरच ठरतात, त्या आधीपासून लिहिलेल्या नसतात. मग नल.

खरं उत्तर व्हील फाइलमध्ये, म्हणजे थेट बसवता येणाऱ्या तयार पॅकेजमध्ये, मिळतं, आणि त्यासाठी शेकडो एमबीची व्हील उतरवायची गरज नाही. 2023 पासून पायपीआय व्हीलचा मेटाडेटा वेगळा देतं. व्हीलच्या पत्त्यापुढे डॉट-मेटाडेटा जोडलं की काही केबीची टेक्स्ट फाइल येते. तिचा हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, त्या प्रोजेक्टच्या सिंपल पानावर असतो, तो ताडून घ्या. फक्त सोर्स टारबॉल असेल तर आतली पीकेजी-इन्फो फाइल बघा. मेटाडेटा-व्हर्जन 2.2 किंवा पुढचं असेल आणि डायनॅमिकच्या, म्हणजे बदलू शकणाऱ्या नोंदींच्या, यादीत रिक्वायर्स-डिस्ट नसेल, तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. नाहीतर रकान्यात सरळ ‘माहीत नाही’ लिहा. माहिती काढण्यासाठी सेटअप-पाय चालवू नका. तो परक्या माणसाचा कोड असतो, तुमच्या मशीनवर तुमच्या परवानग्यांनी चालतो, आणि असे लाखो कोड तुम्ही एकामागून एक चालवत असता.

डिपेंडन्सीची ओळ अर्धी तोडू नका. क्लिक या पॅकेजच्या मेटाडेटात कलरामाचं नाव आहे, पण पुढे अर्धविराम देऊन लिहिलं आहे की विंडोज असेल तरच. रिक्वेस्ट्समध्ये पायसॉक्स आहे, तेही सॉक्स हा जादा भाग मागितला तरच. अर्धविरामापाशी ओळ कापणारी स्क्रिप्ट लिनक्सवरच्या क्लिकलाही कलरामा चिकटवते. त्या यादीवरून कोणी सुरक्षेचा इशारा काढला तर तो नाहक ठरतो. ही ओळ पायथनच्या ‘पॅकेजिंग’ नावाच्या लायब्ररीनेच वाचा.

नावाचं मात्र थोडक्यात. इंग्रजी कॅपिटल अक्षरं स्मॉल करा, आणि हायफन, अंडरस्कोअर, टिंब, एक असो वा सलग अनेक, एका हायफनमध्ये बदला. झोप-डॉट-इंटरफेस आणि झोप-हायफन-इंटरफेस हे एकच पॅकेज आहे. दोन तक्ते या सुधारलेल्या नावावर जोडा आणि मूळ नाव वेगळ्या रकान्यात ठेवा.

लायसन्सला तीन जागा आहेत. नवी पॅकेजेस एसपीडीएक्सच्या भाषेत लायसन्स-एक्सप्रेशन देतात. ते असेल तर तेच घ्या. नसेल तर क्लासिफायर, म्हणजे पायपीआयच्या ठरलेल्या वर्गवारीच्या ओळी, बघा. लायसन्सचा जुना रकाना सगळ्यात शेवटी, कारण त्यात कोणी एमआयटी एवढंच लिहितं तर कोणी लायसन्सचा अख्खा मजकूर ओततं. नुसतं बीएसडी लिहिलेलं असेल तर दोन कलमांचं की तीन, हे त्यावरून कळत नाही. अंदाजाने तीन लिहू नका. कोणत्या जागेवरून घेतलं तेही शेजारी लिहा.

डेबियन या लिनक्सच्या पॅकेजेसकडे वळणाऱ्यांसाठी थोडं. तिथे पानं उकरावी लागत नाहीत. प्रत्येक सूट (म्हणजे डेबियनची आवृत्ती), कॉम्पोनंट (म्हणजे तिचा विभाग) आणि आर्किटेक्चरसाठी पॅकेजेस नावाची एक कॉम्प्रेस केलेली फाइल असते. एका पॅकेजचा एक परिच्छेद आणि मध्ये रिकामी ओळ. स्पेसने सुरू होणारी ओळ आधीच्या ओळीचा पुढचा भाग असतो, हे विसरलं की वर्णनाचे तुकडे होतात. डिपेंड्समध्ये स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’, उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. लायसन्स तिथे शोधू नका, ते पॅकेजच्या आत कॉपीराइट फाइलमध्ये असतं. इनरिलीज फाइल आधी घ्या, तिची सही तपासा आणि तिच्यातला हॅश पॅकेजेस फाइलशी ताडा. हॅश जुळला नाही तर बहुतेक वेळा मधल्या काळात मिरर अपडेट झालेली असते. दोन्ही पुन्हा घ्या. रस्ट भाषेचं भांडार क्रेट्स-आयओ तर रोज डेटाबेसचा डंप देतं, आत तयार सीएसव्ही असतात. एपीआय वापरायचाच असेल तर सेकंदाला एकच रिक्वेस्ट, असा त्यांचा नियम आहे.

शेवटी एक्सेल. शीट मागणाऱ्याला शीट द्या, पण त्याचे सापळे माहीत असू द्या. सीएसव्ही डबल-क्लिकने उघडली की 1.10 हे व्हर्जन आकडा समजून 1.1 होतं, आणि सेव्ह केलं की ते कायमचं. म्हणून डेटा-इंपोर्टमधून उघडा आणि व्हर्जनचा रकाना टेक्स्ट ठरवा. व्हर्जनची क्रमवारीही एक्सेलवर सोडू नका. 1.10 हे 1.9 च्या नंतर येतं आणि 1.0 चा आरसी, म्हणजे अंतिम रिलीजआधीची चाचणी आवृत्ती, 1.0 च्या आधी. हा क्रम पॅकेजिंग लायब्ररीकडून काढून वेगळ्या रकान्यात टाका. फार जुनी काही व्हर्जन नियमात बसत नाहीत आणि लायब्ररी तिथे एरर देते. तिला पकडा आणि ओळ ‘वाचता आली नाही’ अशा खुणेसह ठेवा. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात. फाइलनिहाय नोंदी त्यापेक्षा जास्त होतात, मग पार्के (मोठ्या तक्त्यांसाठीचा साचा) फाइल काढा. एका चौकटीत 32,767 अक्षरं मावतात, म्हणजे लांब रीडमी मध्येच तुटतो. तो शीटमध्ये घेऊच नका. एनपीएमची, म्हणजे जावास्क्रिप्टच्या भांडारातली, ॲट-चिन्हाने सुरू होणारी नावं एक्सेलला फॉर्म्युला वाटू शकतात. देवनागरी नावांचे चौकोन किंवा कचरा दिसला तर फाइल बीओएमसह (सुरुवातीच्या ओळखखुणेसह) यूटीएफ-8 मध्ये लिहा.

वेळ यूटीसीतच ठेवा. 31 मार्चला यूटीसी रात्री आठला चढलेलं रिलीज नाशिकच्या घड्याळात 1 एप्रिलची पहाट, दीड वाजता, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात येतं. भारतीय वेळ हवी तर ती दुसऱ्या रकान्यात, पाच तास तीस मिनिटं मिळवून.

लेखकांचे ईमेल निर्यातीत घेऊ नका. ते पायपीआयवर उघडे आहेत हे खरं, पण पाच लाख प्रोजेक्टचे पत्ते एका फाइलमध्ये गोळा करून वाटणं ही वेगळी गोष्ट आहे.

यँक केलेलं, म्हणजे लेखकाने ‘वापरू नका’ म्हणून मागे घेतलेलं, रिलीज काढून टाकू नका, त्याचा झेंडा आणि दिलेलं कारण दोन्ही ठेवा. 404 आलेलं प्रोजेक्ट यादीतून पुसू नका, ‘या तारखेला दिसेनासं झालं’ अशी नोंद करा. तेच नाव पुढे दुसरा कोणी घेऊ शकतो, आणि मग जुन्या आणि नव्या ओळी एकाच पॅकेजच्या वाटतात. फाइल देताना सोबत एक छोटी टेक्स्ट फाइल द्या: किती ओळी, कधीचं सिरियल, घेण्याची सुरुवात आणि शेवट, प्रत्येक फाइलचा शा-256 हॅश, कोणत्या रकान्यात ‘माहीत नाही’ किती. ती लिहायला पाच मिनिटं लागतात. मग दहा पॅकेजेस निवडा, क्लिक, रिक्वेस्ट्स आणि झोप-इंटरफेस त्यात असू द्या, आणि त्यांच्या ओळी पायपीआयच्या पानाशी डोळ्यांनी ताडून बघा. क्लिकसमोर कलरामा नुसतंच दिसलं, विंडोजची अट गायब असली, तर शीट पाठवू नका. कच्च्या जेसनवरून ती पुन्हा काढा.