चार हजार किलो द्राक्षं, दहा पिंपं: एका बागेची शॅम्पेन

शॅम्पेनच्या, म्हणजे फ्रान्सच्या त्याच नावाच्या भागातल्या बुडबुड्यांच्या वाइनच्या, लेबलावर तळाशी दोन बारीक अक्षरं असतात. बाटली विकत घेताना सगळ्यात आधी ती वाचावीत. ‘एनएम’ असेल तर ती वाइन बाहेरून द्राक्षं घेणाऱ्या कंपनीची. ‘आरएम’ असेल तर ज्याची बाग त्याचीच वाइन, त्याच्याच तळघरात झालेली. बाहेरून फार तर पाच टक्के माल घ्यायची त्याला मुभा असते. अशा बागायतदारानं आपल्या सगळ्या तुकड्यांचा रस एकत्र न करता एकाच तुकड्याची वाइन वेगळी भरली आणि लेबलावर त्या तुकड्याचं नाव घातलं, की ती एका बागेची शॅम्पेन.

शॅम्पेनची परंपरा याच्या नेमकी उलट आहे. तिथे अनेक गावांची, दोन-तीन वाणांची आणि मागच्या वर्षांची राखून ठेवलेली वाइन एकत्र मिसळतात. एका गावात गारपीट झाली तर दुसरं गाव सांभाळून घेतं, यंदा आम्लता कमी पडली तर जुनी वाइन ती भरून काढते. एका बागेच्या वाइनला असा आधार नसतो. नंतर दुरुस्त करता येईल अशी जागाच उरत नाही, त्यामुळे सगळे मोठे निर्णय बागेत आणि दाबयंत्राशी होतात. या लेखाचा बराचसा भाग तिथेच जाणार आहे.

उदाहरणासाठी ल मेनिल-स्यूर-ओजे हे गाव घेऊ. शॅम्पेनमधल्या एपर्ने शहराच्या दक्षिणेला, पूर्वेकडे तोंड केलेला उतार, वर मातीचा पातळ थर आणि खाली खडू. वाण जवळजवळ सगळा शार्दोने. गावाच्या मधोमध भिंतीआड असलेली १.८४ हेक्टरची ‘क्लो द्यू मेनिल’ ही क्रुग कंपनीची बाग जगप्रसिद्ध आहे. तिची पहिली वाइन १९७९ सालची. पण त्याच गावातलं पिएर पेटेर्स हे बागायतदार घराणं ‘शेतियों’ या तुकड्यातल्या जुन्या वेलींची वेगळी वाइन १९७१ पासून काढत आलं आहे. बागायतदाराला आपला कोणता तुकडा वेगळा आहे हे चवीवरून आधीच ठाऊक असतं. प्रश्न असतो तो वेगळा ठेवणं परवडतं का, हा.

नाशिक-सांगलीच्या वाचकाला तिथली बाग पाहून दोन गोष्टी खटकतील. एक म्हणजे छाटणी एकदाच. आपल्याकडे एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन छाटण्या होतात. तिथे हिवाळ्यात वेल खरोखर झोपते आणि त्या झोपेतच एकदा छाटतात. दुसरं म्हणजे दाटी. हेक्टरी सुमारे आठ हजार वेली, मांडव नाही, गुडघ्याच्या उंचीवर घड. हेक्टरी उत्पादनाची मर्यादा दर वर्षी ठरते. २०२४ साली ती दहा हजार किलो होती. म्हणजे एका वेलीवर सव्वा किलो.

शार्दोनेचे डोळे लवकर फुटतात, म्हणून एप्रिलमधलं दव गोठलं की पहिला फटका त्यालाच. २०२१ मध्ये आधी असं गोठलं आणि मग उन्हाळाभर पावसानं केवडा रोग आणला. अशा वर्षी शहाणा बागायतदार त्या तुकड्याची वेगळी वाइन काढतच नाही, रस नेहमीच्या मिश्रणात घालतो. माझ्या मते एखाद्या बागायतदाराची पारख करायची तर त्यानं कोणत्या वर्षी वेगळी वाइन भरली नाही, हे आधी विचारावं.

तोडणीचा दिवस ठरवताना नुसता ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, पाहून चालत नाही. लिटरला १७५ ते १८० ग्रॅम साखर, म्हणजे साधारण अठरा ब्रिक्स, एवढी गोडी आपल्या खायच्या द्राक्षातही असते. फरक आम्लतेत आहे. ४९ अंश अक्षांशावरच्या गार रात्रींमुळे त्याच गोडीला तिथल्या रसाचा पीएच (तो जितका कमी तितका रस आंबट) ३ ते ३.१ च्या आसपास राहतो. चार दिवस उशीर झाला तर आम्लता घसरते, आणि या वाइनमध्ये ती भरून काढायला दुसरा रस नाही. चार दिवस घाई केली तर हिरवट, कच्ची चव कितीही वर्षं ठेवली तरी जात नाही.

तोडणी हातानंच, तसा नियमच आहे. घड अख्खे राहिले पाहिजेत. क्रेट लहान आणि तळाला भोकं असलेले, म्हणजे फुटलेल्या मण्यांचा रस वाहून जातो. तो साचला तर हवेनं तपकिरी पडतो आणि आंबायला लागतो.

आता हिशेब. शॅम्पेनमध्ये दाबयंत्राचं एकक ४,००० किलो. एवढ्या द्राक्षांतून पहिला २,०५० लिटर रस निघतो तो ‘क्युवे’, पुढचा ५०० लिटर ‘ताय’. त्यानंतर जे येईल ते शॅम्पेनसाठी चालत नाही. २,०५० लिटर म्हणजे २०५ लिटरची बरोबर दहा पिंपं. तिथलं पारंपरिक पिंपच त्या मापाचं असतं. एका बागेच्या वाइनसाठी क्युवेच घ्यावा. ताय साखरेत फारसा कमी नसतो, पण आम्लता कमी, सालीचा तुरटपणा आणि रंग जास्त. तीन-चार वर्षांनी तो जड वाटायला लागतो.

तुकडा ०.४ हेक्टरचा असेल तर दहा हजारांच्या मर्यादेत नेमके चार हजार किलो येतात. त्याहून कमी माल मोठ्या यंत्रात टाकला तर थर पातळ पडतो, दाब नीट बसत नाही आणि रसात गाळ वाढतो. म्हणून असे बागायतदार दोन हजार किलोचं छोटं यंत्र ठेवतात. दाब सावकाश चढवायचा, मध्ये सोडायचा, चोथा मोकळा करायचा, पुन्हा दाबायचं. एका भरणीला तीन-चार तास लागतात.

रस १२ ते २४ तास थंड ठेवून निवळू द्यायचा. फार गढूळ राहिला तर वाइनला कुजकट वास येतो, फार नितळ केला तर यीस्टला खाणं पुरत नाही आणि फर्मेंटेशन, म्हणजे साखरेचं अल्कोहोल होणं, अडखळतं. मग पिंपात भरायचा, पण काठोकाठ नाही, फेसाला जागा ठेवून. पिंपं जुनीच हवीत. अकरा टक्के अल्कोहोलच्या नाजूक वाइनला नवं लाकूड खाऊन टाकतं. इथे एक अडचण येते जी मोठ्या कंपनीला कधी येत नाही. पिंपातून वाइन उडत राहते आणि दर आठवड्याला भर घालावी लागते, नाहीतर हवा शिरून व्हिनेगरची सुरुवात होते. भर त्याच बागेची हवी. म्हणून दहावं पिंप पिंप म्हणून ठेवतच नाहीत. ती वाइन लहान काचेच्या बुधल्यांत गच्च भरून ठेवतात आणि उरलेल्या नऊ पिंपांना पुरवतात.

मलोलॅक्टिक, म्हणजे वाइनमधल्या तीव्र मॅलिक आम्लाचं जिवाणूंकडून मवाळ लॅक्टिक आम्ल होणं, करायचं की अडवायचं, हे ठाम ठरवावं लागतं. अर्धवट सोडलं आणि पुढे ते बाटलीत सुरू झालं, तर इतका बारीक गाळ तयार होतो की तो बाटलीच्या मानेपर्यंत उतरतच नाही. तसंच टार्टारिक या द्राक्षातल्या आम्लाचं. वाइन हिवाळ्यात किंवा यंत्रानं पुरेशी गार केली नाही तर बाटलीत त्याचे बारीक खडे धरतात, आणि उघडताना त्यांच्यावर वायू झपाट्यानं सुटून अर्धी वाइन फेस होऊन बाहेर येते.

मग तिराज: वाइन साखर आणि यीस्ट घालून बाटलीत भरायची, म्हणजे बंद बाटलीत दुसरं फर्मेंटेशन होऊन बुडबुडे तयार होतात. हे तोडणीनंतरच्या १ जानेवारीच्या आधी करता येत नाही. साखरेचा हिशेब सोपा: लिटरला चार ग्रॅम साखरेतून साधारण एक बार दाब. सहा बारसाठी २४ ग्रॅम, म्हणजे पूर्ण दहा पिंपांना सुमारे ४९ किलो. पण आधी वाइनमध्ये उरलेली साखर मोजलीच पाहिजे. दोन ग्रॅम राहून गेली की अर्धा बार वाढला. १८३० च्या दशकात शालाँच्या जाँ-बातिस्त फ्राँस्वा या औषधविक्रेत्यानं हे मोजमाप बसवून दिलं, त्याआधी तळघरात बाटल्या फुटणं ही दर वर्षीची गोष्ट होती. आज काही बागायतदार मुद्दाम २० ग्रॅमच घालतात. पाच बारला बुडबुडा मऊ लागतो आणि मातीची चव पुढे येते; एका बागेच्या वाइनला मला हेच प्रमाण योग्य वाटतं.

यीस्ट सरळ पाकिटातून टाकून चालत नाही. अल्कोहोल, आम्लता आणि थंडी यांची त्याला काही दिवस सवय करून द्यावी लागते. तळघर ११-१२ अंशांवर असेल तर सहा ते आठ आठवड्यांत फेस धरतो आणि अल्कोहोल सव्वा टक्क्यानं वाढतं. फार थंडी पडली किंवा मूळ वाइनच साडेअकरा टक्क्यांच्या वर गेली असेल तर यीस्ट मध्येच बसतं: दाब अपुरा, साखर शिल्लक. अशी बाटली दुरुस्त करायला फार थोडे मार्ग उरतात.

पुढे आडवी ठेवून थांबणं. कायद्यानं किमान पंधरा महिने, त्यातले बारा गाळावर, म्हणजे बाटलीत तळाला बसलेल्या मेलेल्या यीस्टवर. लेबलावर साल घालायचं तर तीन वर्षं. मेनिलच्या शार्दोनेला तीन वर्षंही कमीच. पाच-सहा वर्षांनी खडूचा कडकपणा सैलावतो.

गाळ मानेत उतरवायला बाटल्या फळीच्या भोकांत तिरक्या लावून रोज थोड्या फिरवतात. एका जोडफळीत १२० बाटल्या, म्हणजे आपल्या अडीच-पावणेतीन हजार बाटल्यांना बावीस-तेवीस जोडफळ्या आणि चार-सहा आठवडे. यंत्राच्या पिंजऱ्यात ५०४ बाटल्या आठवड्यात होतात आणि चवीत फरक पडत नाही. कधी गाळाचा पातळ पापुद्रा काचेला चिकटतो. मग बाटली हातात घेऊन मनगटानं झटके देऊन तो सोडवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मान उणे २७ अंशांच्या द्रावणात बुडवून गाळाचा बर्फ करतात, झाकण काढलं की तो दाबानं उडतो. रिकामी जागा साखर विरघळवलेल्या वाइननं भरतात. लिटरला चार ग्रॅम गोडी हवी तर बाटलीला तीन ग्रॅम साखर, म्हणजे लिटरला ६०० ग्रॅमचं द्रावण फक्त पाच मिलिलिटर. शून्य, दोन, चार, सहा ग्रॅम अशा बाटल्या काही आठवडे आधी करून चाखल्याशिवाय आकडा ठरवू नये. साखर अजिबात न घालणं हा हल्ली मानाचा विषय झाला आहे, पण कमी पिकलेल्या वर्षात दोन-तीन ग्रॅमनं वाइन उघडते आणि तरीही गोड लागत नाही. या वेळी आत शिरलेली हवा प्रत्येक बाटलीत सारखी नसेल तर एकाच पेटीतल्या दोन बाटल्या दोन वर्षांनी वेगळ्या लागतात.

गाळ काढल्यानंतर निदान तीन महिने बाटली उघडू नये. चांगले बागायतदार मागच्या लेबलावर गाळ काढल्याची तारीख, गोडीचं प्रमाण आणि तुकड्याचं नाव छापतात. बाटली अंधारात ठेवावी, दुकानाच्या उजेडातल्या शोकेसमधली घेऊ नये. प्रकाशानं काही तासांतही उकडलेल्या कोबीसारखा वास धरतो, विशेषतः काच बिनरंगी असेल तर. प्यायची ती दहा-बारा अंशांना, पांढऱ्या वाइनच्या पोटाळ ग्लासात. उंच नळकांड्या ग्लासात बुडबुडे दिसतात छान, पण मेनिलचा वास नाकापर्यंत पोचत नाही.