रात्री अकरानंतरचं चायनीज: घड्याळ बघून मागवा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. "रात्री अकराला कोपऱ्यावरचं चायनीज तेवढं उघडं असतं. तिथे बसावं का, आणि बसलो तर मागवावं काय?" हा प्रश्न जळगावातून येतो, धुळ्यातून येतो. भुसावळकर तर हमखास विचारतात, कारण तिथे रेल्वेगाड्या रात्रभर येत असतात आणि उतरणाऱ्याला काहीतरी गरम हवं असतं. माझं उत्तर एकच: बिनधास्त बसा, पण मेन्यूकार्डापेक्षा घड्याळ बघून मागवा.

चायनीज सेंटरचं अर्धं काम दुपारीच उरकलेलं असतं. तीन-चारच्या सुमाराला भात शिजतो, नूडल्स उकडून तेलाचा हात लावून ठेवतात, मंचुरियनचे गोळे अर्धे तळून काढतात, कोबी-गाजर-सिमला मिरची चिरून टोपात भरतात. संध्याकाळी सातनंतर कारागीर हे सगळं फक्त कढईत परततो. म्हणजे अकराला तुमच्यापुढे येणाऱ्या प्लेटीतला भात सात-आठ तासांचा आणि आच दोन मिनिटांची असते.

भात आधी शिजवलेला असणं यात वावगं काही नाही, उलट फ्राइड राइसला तसाच लागतो. ताज्या भातातलं पीठ ओलसर आणि चिकट असतं, कढईत पडला की त्याचा गोळा होतो. गार झाल्यावर ते पीठ घट्ट बसतं आणि दाणा सुटा राहतो. चांगला कारागीर भात ९० टक्केच शिजवतो, लगेच निथळतो, परातीत पातळ पसरतो आणि वरून चमचाभर तेल फिरवतो. प्रश्न फक्त पुढचा: तो भात त्यानंतर राहिला कुठे?

इथे आपल्या हवेचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि भट्टीशेजारचा ओटा रात्रीही तापलेलाच असतो. शिजवलेल्या भातात 'बॅसिलस सेरियस' नावाचा जिवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू भात शिजवताना मरत नाहीत, आणि भात कोमट राहिला की त्यांना फावतं. त्यातून तयार होणारं उलटीचं विष नंतर कितीही मोठ्या आचेवर परतलं तरी जात नाही. 'कढईत जाळ लागला म्हणजे सगळं मरतं' ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. त्रास व्हायचा असेल तर खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. भात फ्रिजमधून निघतोय की टेबलाखालच्या टोपातून, एवढं बघून घ्या. फ्रिजमधून निघत असेल तर निर्धास्त मागवा. टोपातून निघत असेल आणि दिवस उन्हाळ्याचे असतील, तर त्या रात्री भात सोडा. ट्रिपल राइससुद्धा सोडा, त्यात तोच भात असतो.

मग खायचं काय? हक्का नूडल्स, आणि त्याही ताज्या उकडून. "भाऊ, नूडल्स आत्ता उकडून टाका, आम्ही थांबतो," एवढं सांगितलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात, कारण त्याला पाच मिनिटं पुरतात. भाताचं तसं होत नाही, तो शिजायचा आणि वर निवायचाही. नूडल्स किंचित कच्च्या असतानाच निथळून गार पाण्याखाली धरायच्या आणि तेल चोळायचं. तसं केलं नाही तर परतताना तुटतात, त्यांचा लगदा होतो.

आता आचेकडे वळू, कारण घरी ही चव का येत नाही हा तुमचा दुसरा नेहमीचा प्रश्न. गाडीवरची भट्टी घरच्या शेगडीच्या कितीतरी पट उष्णता देते. पातळ लोखंडी कढई धुराला लागेपर्यंत तापते, लसूण दहा सेकंदांत सोनेरी होतो, भाजी मिनिटभरात परतते आणि तरी करकरीत राहते. सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवर सोडायचा, तिथे तो चर्र करून आटतो आणि तो जळका खमंग वास येतो. व्हिनेगर सगळ्यात शेवटी घालायचं, आधी घातलं तर उडून जातं. या सगळ्याला एकच अट आहे: कढईत माल कमी हवा. तीनशे-साडेतीनशे ग्रॅम भात, म्हणजे एक प्लेट, फार तर दोन. चौघांनी एकदम चार प्लेट सांगितल्या की कारागीर चारही एका कढईत ढकलतो, कढई गार पडते, भाज्या पाणी सोडतात आणि भात परतण्याऐवजी वाफवला जातो. "एकेक प्लेट करून द्या, घाई नाही" असं सांगा. अकरानंतर गर्दी ओसरलेली असते, त्याला ते जमतं. उशिरा जाण्याचा खरा फायदा मला हाच वाटतो: आठ वाजता गर्दीत मिळणारा भात आणि अकराला निवांत केलेला भात यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दोन ऑर्डरींच्या मधे कढईत पाणी ओतून बुरूशाने घासतात का, तेही बघा. न घासलेल्या कढईत आधीचा जळालेला सॉस तुमच्या प्लेटीत कडवटपणा आणतो. तुम्ही शाकाहारी असाल तर दुसरी कढई आणि दुसरा डाव आधीच मागून घ्या. एकाच कढईवर दोन्ही चालणं हे अशा ठिकाणी सर्रास आहे.

मंचुरियनचं थोडं खोलात सांगतो. हा पदार्थ चीनचा नाहीच. चिकन मंचुरियन १९७५ मध्ये मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियात, कोलकात्याहून आलेले आचारी नेल्सन वाँग यांनी केल्याचं सांगितलं जातं. व्हेज गोळा म्हणजे किसलेला कोबी, थोडं गाजर, मैदा आणि कॉर्नफ्लोअर. अर्धा किलो कोबीला दोन्ही पिठं मिळून सात-आठ मोठे चमचे बस. मीठ लागलं की कोबी पाणी सोडतो, म्हणून मिश्रण तळायच्या आधी लगेच कालवायचं आणि कोबी पिळून घ्यायचा. नाही पिळला तर ते सैल होतं, मग कारागीर मैदा वाढवत जातो आणि गोळा रबरासारखा होतो. रात्री उशिरा हा गोळा दुसऱ्यांदा तळला जातो, त्यामुळे इथे तेल बघायचं. तेल काळपट झालंय, वर बारीक फेस टिकून राहतोय, गोळा टाकायच्या आधीच धूर येतोय, तर मंचुरियन नको.

ग्रेव्हीचं उलट आहे. ती तुमच्यासमोर होते, म्हणून रात्री भरवशाची. दोन कप पाण्याला एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, तेही गार पाण्यात कालवून. थेट टाकलं तर गुठळ्या होतात, आणि उकळी फुटायच्या आत उतरवलं तर कच्चं पीठ लागतं. व्हिनेगर घातल्यावर खूप वेळ उकळलं, तर आंबटपणाने कॉर्नफ्लोअरची पकड सुटते आणि ग्रेव्ही पातळ होते. पाणचट ग्रेव्ही आली तर ती बहुधा मघाची असते, पुन्हा तापवलेली.

तिखटाबद्दल खानदेशी माणसाला काय सांगावं! शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेली जीभ आपली, शेजवान चटणी जास्तीचीच मागणार. चांगल्या चटणीत सुक्या लाल मिरच्या भिजवून वाटलेल्या असतात, लसूण भरपूर असतो, आणि तेल सुटेपर्यंत ती मंद आचेवर शिजलेली असते. नंदुरबारसारखी मिरचीची मोठी बाजारपेठ जवळ असताना इथे लाल रंगाची पूड वापरायची गरजच नाही. चटणीवर लालसर तेल तरंगत असेल तर ती मिरचीची. बोटांना आणि प्लेटीला गुलाबी-लाल डाग राहत असतील तर रंगाची. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती तपासणीत असुरक्षित रंग सापडल्यामुळे.

अजिनोमोटोची, म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेटची, भीती मात्र सोडा. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये समुद्री शेवाळातून ग्लुटामेटची ही चव वेगळी काढली, आणि तोच ग्लुटामेट टोमॅटोतही असतो. रात्रभर पाणी पाणी होतं ते एकूण मिठामुळे. एका मोठ्या चमच्या सोया सॉसमध्येच साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम आहे. त्यावर मीठ, चटणी आणि चिली सॉस येतात. "अजिनोमोटो नको" म्हणण्यापेक्षा "वरून मीठ टाकू नका" म्हणा.

चायनीज भेळ अकरानंतर नकोच, त्यातला कच्चा कोबी दुपारी चिरलेला असतो. मंचाव सूप खुशाल घ्या, पण वाटीतून वाफ येत असेल तरच. कोमट सूप परत करून उकळून मागा.

पार्सल न्यायचं असेल तर घरून स्टीलचे दोन डबे न्या. ड्राय आणि ग्रेव्ही वेगळी, सुपावरच्या तळलेल्या नूडल्स कागदात वेगळ्या. ड्रायच्या डब्याचं झाकण घरी पोचेपर्यंत किंचित उघडं ठेवा, नाहीतर वाफेने सगळं मऊ पडतं. उरलेला भात त्याच रात्री फ्रिजमध्ये जायला हवा, ओट्यावर सकाळपर्यंत राहिला असेल तर टाकून द्या.