पुणे–महाबळेश्वर–चिपळूण–कराड: एक्सयूव्ही ३०० डिझेल दोन घाटांतून

पुण्याहून वाई, पाचगणी, महाबळेश्वर. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर. मुंबई–गोवा महामार्गाने खेड, चिपळूण. मग कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड आणि हायवेने परत पुणे. साधारण पाचशे किलोमीटरचा हा फेरा आहे. छोटी डिझेल एसयूव्ही नेमकी कशी आहे हे पारखायला यापेक्षा चांगला रस्ता पुण्याच्या आसपास नाही.

गाडी महिंद्राची एक्सयूव्ही ३००, १.५ लिटर डिझेल, सहा गिअरची मॅन्युअल. २०१९ साली बाजारात आलेली, नाशिकच्या कारखान्यात बनलेली. २०२४ मध्ये तिच्या जागी आलेल्या ३एक्सओमध्येही १.५ लिटर डिझेल आणि ३०० न्यूटन-मीटरच टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) आहे, त्यामुळे इंजिनाबद्दल पुढे जे लिहिलंय ते तिलाही लागू पडतं.

आधी इंजिनाचे आकडे, कारण दोन्ही घाटांतलं सगळं गणित त्यांच्यावर बसतं. १,४९७ सीसी, चार सिलिंडर, ११५ बीएचपी आणि ३०० न्यूटन-मीटर टॉर्क. १,५०० सीसीच्या आत इंजिन आणि चार मीटरच्या आत लांबी (ही ३,९९५ मिमी), या दोन्ही मर्यादा करापायी आल्या आहेत. टॉर्क पूर्ण मिळतो तो १,५०० ते २,५०० आरपीएममध्ये (इंजिनाचे मिनिटाला फेरे). टॉर्क गुणिले आरपीएम म्हणजे ताकद, तेव्हा १,५०० ला इंजिन सुमारे ६३ बीएचपी देतं आणि २,५०० ला १०५. कमाल ११५ मिळायला ३,७५० पर्यंत जावं लागतं. म्हणजे २,५०० नंतरच्या साडेबाराशे आरपीएममध्ये हाती लागतात फक्त दहा बीएचपी, आणि बदल्यात आवाज, उष्णता, वाढलेलं डिझेल. पेट्रोल गाडीवरून आलेला माणूस चढावर सवयीने इंजिन ताणतो. इथे त्याचा उपयोग नाही. काटा २,५०० च्या पुढे सरकला की वरचा गिअर टाका, १,५०० च्या खाली यायला लागला की खालचा.

खालच्या बाजूची चूक जास्त महाग पडते. चढावर तिसऱ्यात १,१००–१,२०० आरपीएमवर पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला तर टर्बो (इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणारा पंखा) अजून फिरलेला नसतो, हवा कमी आणि डिझेल जास्त जातं. काजळी होते, गाडी थरथरते, झटके क्लच आणि फ्लायव्हीलवर येतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडून दुसरा टाकायचा.

निघण्याआधी

इंजिन थंड असताना, सपाट जागी ऑइलची पट्टी बघा. पातळी कमी आहे का हे सगळे बघतात. बीएस-६ (धुराच्या कडक नियमांत बसणाऱ्या) डिझेल गाडीत ती वाढली आहे का हेही बघायचं. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, भरला की गाडी स्वतःच जास्तीचं डिझेल सोडून तो सुमारे ६०० अंशाला तापवते आणि काजळी जाळते. शहरात दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या असतील तर हे काम अर्धवट राहतं, न जळलेलं डिझेल पिस्टनकडून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं, पातळी वरच्या खुणेच्या पुढे जाते. असं असेल तर घाटात जाऊ नका, आधी ऑइल बदला. ते कमी राखेचं, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच हवं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये साठते आणि ती जळत नाही.

ब्रेक ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं, उकळबिंदू खाली येतो, आणि आंबेनळीत नेमका याचाच कस लागतो.

टायरमध्ये हवा थंड असतानाच भरा. दरवाज्याच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, चार माणसं आणि सामान असेल तर तोच धरा. वरच्या मॉडेलचा २१५/५५ आर१७ टायर दिसायला छान, पण त्याची साइडवॉल, म्हणजे रिम आणि रस्ता यांमधली रबराची भिंत, ११८ मिमी. खालच्या मॉडेलच्या २०५/६५ आर१६ ची १३३ मिमी. कोकणातल्या खड्ड्यांसाठी हे पंधरा मिलिमीटर फार मोलाचे आहेत. सतरा इंची चाकं असतील तर स्टेपनीची हवाही न विसरता बघा.

डिझेल पुण्यातच टाकी भरून घ्या. टाकी ४२ लिटरची. घाट धरून १५–१६ चं ॲव्हरेज पकडलं तरी फेरा पूर्ण होतो. पंपावर नोझल डिझेलचंच आहे ना, हे उतरून बघा. चुकून पेट्रोल गेलं तर इग्निशनसुद्धा चालू करायचं नाही. हाय-प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं, पेट्रोलवर तो खरवडला जातो आणि त्याचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोचतो. काही बीएस-६ डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाची) टाकी असते. तुमच्या गाडीला ती असेल तर तीही भरा.

पसरणी घाट

खंबाटकी उतरल्यावर सुरूरहून वाईकडे वळायचं. वाई सोडली की पसरणी घाट सुरू होतो आणि इथेच गाडी मनात भरते. दुसरा-तिसरा, काटा १,८०० ते २,४००, आणि भरलेली गाडी न कुरकुरता वर जाते. मात्र नाकात डिझेल इंजिनाचं वजन आहे. वळणात वेग जास्त झाला तर पुढची चाकं बाहेर सरकतात. ब्रेक वळणाआधी, गिअर वळणाआधी, आणि वळण अर्धं झाल्यावर हलका ॲक्सिलरेटर. हेअरपिनला दुसऱ्यातही काटा १,३०० च्या खाली जात असेल तर जवळजवळ थांबून पहिला टाकावा.

शनिवार-रविवारी पाचगणीच्या आधी आणि गुरेघरच्या पट्ट्यात रांगा लागतात. चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरण्याची सवय क्लच प्लेट खाते. पुढची गाडी दोन गाड्यांइतकी सरकू द्या, हँडब्रेक लावून थांबा, मग १,५०० पर्यंत आरपीएम नेऊन एकदाच क्लच पूर्ण सोडा. जळका वास आलाच तर बाजूला घेऊन पंधरा-वीस मिनिटं क्लचला पाय लावू नका.

महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी. टर्बो फिरत असताना हे जाणवत नाही. पण १,५०० च्या खाली इंजिनाला मिळते ती तीच विरळ हवा, म्हणून बाजारातल्या चढाच्या गल्लीत गाडी पुण्यापेक्षा मंद वाटते. हा बिघाड नव्हे. पोचल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मग बंद करा, टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल फिरत राहून ते निवतं.

आंबेनळी: सगळ्यात जपून चालवायचा तुकडा

महाबळेश्वर ते पोलादपूर सुमारे चाळीस किलोमीटर, आणि उतार जवळजवळ १,३०० मीटरचा. माणसं-सामानासह गाडी १,७०० किलो धरली तर एवढ्या उतारात सुटणारी ऊर्जा सहा युनिट विजेइतकी होते. काही भाग टायर आणि हवा खातात. उरलेली एकतर इंजिन झेलतं, नाहीतर ब्रेकच्या डिस्क. एक्सयूव्ही ३०० ला चारही चाकांना डिस्क आहेत, हा मोठा दिलासा, पण त्याच्या भरवशावर चौथ्यात उतरायचं नाही.

डिझेल इंजिन उतारावर जास्त अडवतं असा समज आहे. खरं तर डिझेलला पेट्रोलसारखी हवा अडवणारी झडप मुख्य काम करत नाही, दाबलेली हवा पिस्टनला पुन्हा ढकलते, आणि गिअरही लांब असतात. त्यामुळे त्याच गिअरमध्ये रोध कमीच मिळतो. म्हणून चढताना जो गिअर लागला असता त्याच्या एक खाली: बहुतेक उतार दुसऱ्यात, काटा २,५०० ते ३,०००. आवाज वाढतो, वाढू द्या. पाय ॲक्सिलरेटरवरून पूर्ण काढलेला असताना इंजेक्टर डिझेल सोडतच नाहीत, म्हणजे हे अंतर फुकटात कापलं जातं. न्यूट्रलमध्ये उतरणारा इंजिनचा रोध घालवतो आणि वर आयडलिंगचं डिझेलही जाळतो. इंजिन बंद करून उतरणं तर जिवावरचं. ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम पंप इंजिनावर चालतो, दोन-तीनदा पाय दाबला की पेडल दगडासारखं होतं आणि स्टेअरिंगही जड.

ब्रेक लावायचाच तर ठामपणे लावून वेग उतरवा आणि सोडून द्या. पाय सतत टेकवून ठेवला तर डिस्कला निवायला वेळ मिळत नाही. जळका वास ही पहिली सूचना. पेडल खोल जायला लागलं तर ऑइल उकळलंय, लगेच खालचा गिअर टाकून सुरक्षित जागी थांबा. प्रतापगडचा फाटा जिथे फुटतो ते वाडा कुंभरोशी थांबायला उत्तम. तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नका, ती वाकडी होते. थांबल्यावर पेडल दाबून धरू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा.

जुलै २०२१ च्या पावसात या घाटात मोठ्या दरडी कोसळल्या होत्या. जून ते सप्टेंबर निघण्याआधी रस्ता चालू आहे का हे पोलिसांकडे विचारूनच जा. सगळ्यात बरा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

कोकण आणि कुंभार्ली

पोलादपूरनंतर कशेडीचा बोगदा जुन्या घाटाचा वेळ वाचवतो. पुढे खेडजवळचा भोस्ते आणि चिपळूणच्या आधीचा परशुराम घाट, दोन्हींत उतारावरच्या वळणांना वेग आवरा. काँक्रीट संपून डांबर लागतं तिथल्या पायरीला सतरा इंची टायर फुगतात किंवा रिम वाकते. ग्राउंड क्लिअरन्स १८० मिमी सांगितला जातो, पण गाडी भरल्यावर तो उरत नाही, गतिरोधक तिरपा घ्या.

चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरून डावीकडे कराड रस्ता. शिरगाव, पोफळी, आणि कुंभार्ली सुरू. इथे अडचण ट्रकची. ओव्हरटेक करताना तिसऱ्यात १,४०० वर ॲक्सिलरेटर दाबून टर्बोची वाट बघत बसलात तर समोरचा मोकळा रस्ता संपतो. ट्रकच्या मागे अंतर ठेवून आधीच दुसरा टाका, काटा २,००० वर आणा, मग बाहेर या. गाडी क्षणात सुटते. ३०० न्यूटन-मीटरची खरी मजा इथेच कळते.

हेळवाकनंतर कोयनेच्या काठाने पाटण, मल्हारपेठ, कराड. हा भाग निवांत.

कराड ते पुणे

तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोलनाके. फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. सहाव्यात ताशी १०० ला काटा साधारण दोन हजारांच्या जरा खाली असतो. ८० च्या खाली आलात की पाचवा. डीपीएफची कामं इथे आपोआप होतात. दिवा लागलेला असेल तर चौथ्या-पाचव्यात २,००० च्या वर पंधरा-वीस मिनिटं एकसारखी चालवा. आयडलिंग नेहमीपेक्षा वर, पंखा जोरात, गरम वास असं थांबताना जाणवलं तर साफसफाई चालू आहे, इंजिन बंद न करता आणखी थोडं चालवून घ्या.

दुसऱ्या दिवशी पुढच्या टायरचे खांदे, पुढचे ब्रेक पॅड आणि ऑइलची पट्टी पुन्हा बघा. ओल्या हवेत फिरून आल्यावर डिझेल फिल्टरमधल्या पाण्याचा दिवा लागला तर फिल्टरखालचा नॉब सैल करून पाणी काढून टाका, आणि स्वच्छ डिझेल यायला लागलं की घट्ट करा.