ल्यूर नंतर, आधी पाणी

माझा मावसभाऊ नुकताच नोकरीसाठी डॅलसला आला आहे. परवा त्याने मासेमारीच्या सामानाच्या दुकानातूनच फोन केला. "ताई, इथे अख्खी भिंत भरून ल्यूर, म्हणजे नकली आमिषं, टांगलेत. बास माशासाठी कुठला घेऊ?"

मी विचारलं, "टाकणार कुठे आहेस?"

"ते अजून ठरवलं नाही गं."

"मग आत्ता काहीच घेऊ नकोस. आधी पाणी ठरव."

फोनवर एवढंच बोलणं झालं, पण टेक्ससमध्ये नव्याने मासेमारी सुरू करणारा जवळजवळ प्रत्येक जण मला हाच प्रश्न विचारतो. म्हणून सविस्तर लिहितेय. मी सांगलीची. कृष्णेच्या काठावर आप्पांबरोबर गळ टाकत वाढले आणि इथे आल्यावर बासच्या नादाला लागले. बहुतेक वेळा रे रॉबर्ट्स तलावाच्या काठावरून टाकते. मैत्रिणीची बोट मिळाली की लेक फोर्कला जाते.

लार्जमाउथ, म्हणजे मोठ्या तोंडाचा बास दबा धरून शिकार करतो. दूरवर पाठलाग करून दमणं त्याला परवडत नाही. खोडाच्या सावलीत, गवताच्या कडेला किंवा दगडाच्या आडोशाला तो थांबतो आणि समोरून काही गेलं की एका झेपेत तोंडात ओढतो. ही सवय डोक्यात ठेवली की निम्मं काम झालं. तलाव कितीही मोठा असू दे, बास त्याच्या थोड्याच भागात असतो, बाकीचं पाणी त्याच्या दृष्टीने रिकामं. उत्तम ल्यूर रिकाम्या पाण्यात दिवसभर फिरवला तरी काही लागत नाही. जागा बरोबर असेल तर साधासा रबरी किडाही चालतो.

जागा शोधायची म्हणजे दोन गोष्टी कुठे भेटतात ते शोधायचं. उथळ आणि खोल, गवत आणि मोकळं पाणी, चिखल आणि दगड, ऊन आणि सावली. काठावरून जमिनीची सोंड पाण्यात शिरलेली दिसते ना, ती पाण्याखालीही पुढे तशीच उतरत जाते. तिच्या दोन्ही बाजूंना खोली बदलते, म्हणून अनोळखी तलावावर मी आधी सोंडच बघते. दुसरी जागा म्हणजे पुलाखालचा किंवा धरणालगतचा दगडी भराव. दगडांच्या फटींत क्रॉफिश (झिंग्यासारखे नांग्यांचे प्राणी) राहतात आणि बास त्यांच्यासाठी येतो. तिसरी जागा डोळ्यांना दिसत नाही. धरण बांधण्याआधी तिथून जो ओढा वाहायचा, त्याचं जुनं पात्र. पात्राला जिथे वळण आहे आणि वळणावर एखादं झाड उभं आहे, तिथे मासा असण्याची शक्यता सगळ्यांत जास्त. फोनवरच्या नकाशात खोलीच्या रेषा दिसतात. जिथे त्या एकमेकींना चिकटून आल्यात तिथे उतार तीव्र, हे बघून घरी बसल्याच चार जागा निवडता येतात.

लेक फोर्क हे सगळं शिकायला फार चांगलं ठिकाण आहे. डॅलसच्या पूर्वेला, क्विटमन आणि एमोरी गावांजवळ, साधारण 27,000 एकरांचा तलाव. धरण 1980 मध्ये झालं आणि तलाव पूर्ण भरायला 1985 उजाडलं. बुडणाऱ्या भागातली बरीचशी झाडं तोडली नाहीत, उभीच ठेवली. पाणी भरायच्या आधीच तिथल्या छोट्या तळ्यांत फ्लोरिडा जातीचे बास सोडले होते, ते तलावभर पसरले. मुबलक आडोसा आणि मोठी वाढणारी जात एकत्र आली, आणि 1992 च्या जानेवारीत इथेच 18.18 पौंडांचा म्हणजे सव्वाआठ किलोंच्या आसपासचा बास लागला. टेक्ससचा विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. तो धरणारा माणूस त्या दिवशी क्रॅपी नावाचा छोटा मासा धरायला गेला होता आणि त्याने आमिष म्हणून मिनो नावाचा बारीक जिवंत मासा लावला होता. मोठ्या बासला महागडाच ल्यूर लागतो असं कुणी म्हणालं की मी ही गोष्ट सांगते.

आता ल्यूर. जागा ठरल्यावर मी दोनच गोष्टी बघते. मासा किती खोल असेल, आणि वाटेत काय अडकेल. रंगाचा विचार सगळ्यांत शेवटी, कारण चुकीच्या खोलीवरचा सुंदर रंग माशाला दिसतच नाही.

उभी झाडं, बुडालेले ओंडके, झुडपं असतील तर टेक्सस रिग. दोऱ्यात बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं शिसं, खाली बाक दिलेला 3/0 किंवा 4/0 चा हूक, त्यावर प्लास्टिकचा किडा, आणि हुकाचं टोक पुन्हा किड्याच्या अंगात लपवलेलं. टोक उघडं नसल्याने फांदीत सहसा अडकत नाही. उन्हाळ्यात मी सहा ते दहा इंचांचा लांब किडा वापरते. शिसं पाव औंसाचं, वारा जास्त असेल किंवा खोली जास्त असेल तर त्याहून जड.

टाकायची पद्धत जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बहुतेक लोक घाई करतात. खोडावर नेम धरू नका, खोडाच्या थोडं पलीकडे टाका. पडल्यावर दोरा अगदी ताणू नका, फार सैलही सोडू नका, आणि दोरा पाण्यात शिरतो त्या बिंदूवर नजर ठेवा. किडा खाली जात असतानाच बास तो सगळ्यांत जास्त वेळा घेतो. तळाला लागला की दोरा एकदम ढिला पडतो. मग रॉड घड्याळाच्या नऊवरून अकरावर हळू उचलायचा, पुन्हा खाली न्यायचा आणि ढील गुंडाळायची. दगडावर शिसं टकटक करतं. चिखलात काहीच जाणवत नाही, फक्त जडपणा. फांदीवर चढताना आधी घट्ट होतं आणि फांदी ओलांडली की सुटतं. ते सुटतं त्या क्षणी थांबायचं आणि किड्याला सरळ खाली पडू द्यायचं. मासा घेतो तेव्हा दोऱ्याला कुणीतरी नखाने एकच टिचकी मारल्यासारखं वाटतं, किंवा दोरा गुपचूप बाजूला सरकू लागतो. ढील भरून घ्यायची आणि मग जोरात हिसका. हुकाला आधी प्लास्टिक फाडून मग जबड्यात शिरायचं असतं, म्हणून हलक्या हाताने चालत नाही.

फेब्रुवारीत चित्र वेगळं. पाणी 50 फॅरेनहाइटच्या वर जायला लागलं की बास खोलातून उथळ काठाकडे सरकू लागतात, पण अजून अंडी घालत नाहीत. वाटेत पाण्याखाली हायड्रिला असतं, आणि त्या गवतावरून ओठ नसलेला, आत छर्रे खुळखुळणारा लाल रंगाचा क्रँकबेट ओढायचा. क्रँकबेट म्हणजे छोट्या माशाच्या आकाराचा कडक ल्यूर, आणि ओठ म्हणजे त्याच्या तोंडापुढची पट्टी. रॅट-एल-ट्रॅप हे ओठ नसलेल्यांतलं प्रसिद्ध नाव. त्याला गवताच्या शेंड्यांना मुद्दाम घासू द्यायचं. अडकला की रॉडने एक झटका द्यायचा. गवतातून तो सुटतो, पाती उडतात, छर्रे एकदम वाजतात आणि बास त्याच क्षणी मारतो. विचार करून घेतलेला हा घास नसतो, म्हणूनच धक्का मनगटापर्यंत येतो. मला वर्षभरातली सगळ्यांत आवडती मासेमारी हीच.

खोडं उथळ असतील, तीन-चार फुटांत, तर चौकोनी ओठाचा क्रँकबेट. तो लाकडावर आपटवायचा. लोक आपटू नये म्हणून जपतात, पण आपटल्यावर तो तिरका उडतो आणि त्याच क्षणी आडोशातला बास बाहेर येतो. अडकल्यासारखा वाटला तर ओढू नका, दोरा सैल सोडा. तो तरंगणारा असल्याने बहुतेक वेळा आपोआप मागे सरकून सुटतो.

कमळाची पानं आणि पाण्यावर पसरलेलं शेवाळ असेल तर पोकळ रबराचा बेडूक. महाराष्ट्रात तळ्यांवर मरळ धरणाऱ्यांना हे सांगायला नको, तिथेही हाच बेडूक चालतो आणि नियमही तोच: पाणी फुटलेलं दिसलं की लगेच हिसका द्यायचा नाही. मासा बेडूक घेऊन खाली वळतो, रॉडवर वजन येतं, मग मारायचं. इथे दोरा ब्रेड, म्हणजे धागे विणून केलेलाच हवा, कारण तो ताणत नाही आणि गवत कापत जातो. टेक्सस रिगला मी फ्लुरोकार्बनचा एकेरी पारदर्शक दोरा लावते. तो पाण्यात बुडतो आणि कमी दिसतो. बुडतो म्हणूनच पाण्यावरच्या ल्यूरला तो चांगला नाही, नाक खाली ओढतो.

रंगाचं थोडक्यात: पाणी नितळ असेल तर हिरवट-तपकिरी, कलिंगडी, असे नैसर्गिक रंग. गढूळ असेल तर काळा-निळा किंवा पिवळट-पोपटी. गढूळ पाण्यात बास अंगावरच्या संवेदनशील रेषेने थरथर ओळखतो, म्हणून स्पिनरबेटवर, म्हणजे फिरत्या पात्याच्या ल्यूरवर, गोल कोलोरॅडो पातं लावावं, ते जास्त थरथरतं. नितळ पाण्यात विलो पातं, ते चमक जास्त देतं.

जुलै-ऑगस्टमध्ये टेक्ससचे तलाव थरांत विभागले जातात. वर कोमट पाणी, खाली थंड, आणि खालच्या थरात प्राणवायू फार कमी. मग 35 फुटांवर किडा टाकून बसण्यात अर्थ नाही, तिथे मासा श्वासच घेऊ शकत नाही. पहाटे उजाडायच्या आधी पाण्यावरचा ल्यूर, ऊन चढलं की 15 ते 20 फुटांवरचे उंचवटे आणि जुन्या पात्राच्या कडा. काठावरून टाकणाऱ्यांनी उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत आवरून घरी जावं.

ऑक्टोबर आला की शॅड माशांचे थवे ओढ्यांच्या तोंडातून आत शिरतात आणि बास त्यांच्या मागे. आत्ता नेमकं तेच चाललंय. वारा ज्या काठावर आपटतोय त्या काठाला जा, लोक टाळतात पण तिथेच थवे ढकलले जातात. उत्तरेकडून थंडीची लाट यायच्या आधीची संध्याकाळ फार चांगली. लाट येऊन गेल्यावर आकाश निळंशार होतं आणि मासा आडोशाला अगदी चिकटतो. तेव्हा छोटा किडा, अगदी सावकाश, खोडापासून वीतभर अंतरावर.

वसंतात, पाणी 60 फॅरेनहाइटच्या वर गेलं की नर उथळ तळावर घरटं साफ करतो, अंडी आणि पिल्लांची राखण करतो. तेव्हा तो जवळ आलेल्या कशावरही धावून जातो. त्या घरट्यावर दिसणाऱ्या नराला मी गळ टाकत नाही. त्याला उचललं की आजूबाजूचे छोटे मासे मिनिटभरात अंडी खायला येतात. कायद्याने टाकता येतो, पण माझं मन घेत नाही. मरळीच्या पिल्लांचा लालसर थवा दिसला की आप्पाही गळ गुंडाळून पुढे चालायला लागायचे.

मावसभावाला शेवटी चारच गोष्टी घ्यायला सांगितल्या: हिरवट-तपकिरी किडे आणि त्यांचे हूक-शिसं, एक चौकोनी ओठाचा क्रँकबेट, एक छर्ऱ्यांचा लाल, आणि एक पांढरा स्पिनरबेट, शॅडसारखा दिसतो म्हणून. बाकी भिंत तिथेच राहू दे.

परवान्याचं विचाराल तर 17 वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या माणसाला टेक्ससमध्ये मासेमारीचा परवाना लागतो. पण स्टेट पार्कच्या आत काठावरून टाकत असाल तर लागत नाही, फक्त पार्कचं प्रवेश शुल्क. रे रॉबर्ट्सला स्टेट पार्क आहे, म्हणून नवख्यांना मी आधी तिथेच नेते. लार्जमाउथसाठी राज्याचा सर्वसाधारण नियम किमान 14 इंच, दिवसाला पाच. लेक फोर्कवर मात्र 16 ते 24 इंचांमधला प्रत्येक बास परत सोडावाच लागतो, आणि 24 च्या वरचा दिवसाला एकच ठेवता येतो. मोजपट्टी पिशवीत असू द्या, अंदाजाने दंड होतो. मला हा नियम मनापासून पटतो, त्या तलावात मोठे मासे टिकले त्यात त्याचा मोठा हात आहे.

सोडताना हात आधी पाण्यात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला संसर्ग होतो. छोटा असेल तर खालच्या जबड्याला अंगठा लावून सरळ उभा धरला तरी चालतं. तीन-चार पौंडांच्या वरचा मासा नुसत्या जबड्यावर तिरका लटकवू नका, जबडा दुखावतो. दुसरा हात पोटाखाली द्या, आडवा धरा. फोटो काढायचा असेल तर फोन आधी हातात तयार ठेवायला सांगा, मग मासा उचला. उन्हाळ्यात तर फोटोचा हट्टच नको, पाण्यातच हूक काढा.