फलटणहून पुण्याला एनडीएच्या लेखी परीक्षेसाठी

सप्टेंबरमधल्या रविवारी मी एनडीएचा, म्हणजे सैन्यदलांत अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाचा, पेपर दिला. पुढच्या वेळी गावाकडून जाणाऱ्या मुलींना उपयोग होईल म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

आधी फॉर्मचं. यूपीएससी (केंद्रीय लोकसेवा आयोग) ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. तारीख आपल्या हातात नसते, केंद्र मात्र असतं, पण जो आधी फॉर्म भरेल त्याला आधी मिळतं. मी पहिल्या आठवड्यातच भरला आणि पुणे मिळालं. माझ्या वर्गातली एक जण 'सावकाश भरू' म्हणत राहिली. तोवर पुण्याच्या जागा भरल्या होत्या, आणि तिला थेट नागपूर घ्यावं लागलं. फलटणहून नागपूर म्हणजे आदली अख्खी रात्र प्रवासात. मुलींना फी नाही, त्यामुळे पैशांसाठी थांबायचंही कारण नाही. २०२१ पासून ही परीक्षा आपल्यासाठी खुली आहे, तर एक दिवसही दवडू नका.

शनिवारी दुपारी पप्पांबरोबर लोणंद-जेजुरीमार्गे एसटीने स्वारगेटला पोचलो. पद्मावतीला आत्याकडे सामान टाकलं आणि लगेच केंद्र बघायला गेलो. स्वारगेटहून मेट्रोने मंडई, कसबा पेठ, सिव्हिल कोर्ट आणि मग शिवाजीनगर. कॉलेजला दोन गेट होती आणि परीक्षेसाठी मागचं उघडणार होतं, हे वॉचमनकाकांनी सांगितलं. सकाळी पावसात ते शोधत बसलो असतो तर माझं अर्धं गणित तिथेच विसरलं असतं.

पेपर दहाला होता, पण गेट साडेनऊलाच बंद. एक मुलगा पाच मिनिटं उशिरा धावत आला, त्याला आत घेतलं नाही. त्याचे वडील गेटचा गज धरून नुसते उभे होते. ते डोळ्यांसमोरून जात नाही.

प्रवेशपत्राची प्रिंट, ज्याचा नंबर प्रवेशपत्रावर आहे ते मूळ ओळखपत्र आणि काळे बॉलपेन, एवढंच आत न्या. मोबाइल पप्पांकडे दिला होता. एकट्या येणार असाल तर तो घरीच ठेवा, केंद्रात सांभाळून ठेवतील या भरवशावर राहू नका. साधं काट्यांचं घड्याळ घाला, स्मार्टवॉच चालत नाही.

गणिताचे १२० प्रश्न, अडीच तास. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. आपण दहावीला ज्याला 'निश्चयक' म्हणतो त्याला तिथे हिंदीत 'सारणिक' छापलेलं असतं. त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलांनी सरावापासूनच इंग्रजी शब्दांची सवय करावी. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकलं तर ०.८३ कापतात. तीन अंदाज चुकले की एक बरोबर उत्तर गेलंच. मी तीसेक प्रश्न सरळ कोरे सोडले आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

उत्तरपत्रिकेवर माझा तळहात घामाने चिकटायला लागला. हाताखाली रुमाल ठेवला, तेव्हा गोल नीट काळे झाले. रोल नंबर आणि प्रश्नपुस्तिकेवरचं मालिकेचं अक्षर भरताना घाई करू नका, तिथली चूक सगळा पेपर घालवते.

मधली सुट्टी वाटते त्याहून लहान असते, कारण दुसऱ्या पेपरलाही गेट अर्धा तास आधी बंद होतं. आत्याने पोळी-भाजीचा डबा दिला होता, तो फुटपाथवर उभ्याउभ्या खाल्ला. हॉटेलच्या रांगेतल्या मुली अर्धपोटी पळत आल्या. दुसऱ्या, म्हणजे इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाच्या पेपरचे १५० प्रश्न, ६०० गुण. त्यात इंग्रजीचे २०० गुण आहेत. खरी बाजी इथेच आहे, आणि आपण सगळे गणितातच दमून येतो. मी इंग्रजी आधी संपवलं, मग विज्ञान, आणि चालू घडामोडी शेवटी.

संध्याकाळच्या एसटीत पप्पांनी पेपर कसा गेला हे विचारलंच नाही. जेजुरी आली तशी त्यांनी खिडकीतून गडाकडे बघून हात जोडले, आणि मग मीही जोडले.